पाळी थांबलेल्या धावपटू मुलीचं वजन आणखी उतरवू नका

निफाड तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी १९ वर्षांची, ५,००० आणि १०,००० मीटर धावते. कॉलेज आणि सरावासाठी नाशिकला पंचवटीत मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. आठवड्याला साधारण ८५ किलोमीटर धावणं, शिवाय दोन दिवस जिम. वजन ४७ किलो. सहा महिन्यांपासून पाळी नाही. गोळ्या दिल्या तेव्हा आली, गोळ्या संपल्या की पुन्हा बंद. सोनोग्राफीत ‘पीसीओडीसारखं’ (बीजांडकोशात बरीच लहान पुटं) दिसलं, म्हणून भात आणि गोड बंद करायला सांगितलं. गेल्या वर्षी टायमिंग झपाट्याने सुधारलं, या वर्षी तेवढंच मागे गेलं. नडगी दुखते. कोच म्हणतात, अजून दोन किलो उतरव, मग बघ. वडिलांचा प्रश्न: रक्त वाढवायचं औषध द्यावं का, आणि एवढ्या सरावात पाळी थांबणं नॉर्मल असतं का?

भाऊ, पाळीबद्दल तुम्ही वडील म्हणून मोकळेपणाने लिहिलंत, हे फार चांगलं केलंत. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलींच्या घरी हे फक्त आईला माहीत असतं आणि कोचला तर नसतंच. मी नाशिकमध्ये खेळाडूंवर उपचार करणारी डॉक्टर आहे. न तपासता निदान करता येत नाही, तेव्हा खाली लिहिते ते ‘बहुतेक असं असावं’ या पातळीवरचं समजा. पण तुम्ही दिलेली माहिती एकाच दिशेला बोट दाखवते.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. सराव जास्त आहे म्हणून पाळी थांबणं नेहमी दिसतं, पण ते नॉर्मल नाही. कित्येक मैदानांवर अजूनही पाळी थांबली म्हणजे शरीर ‘फिट’ झालं असं मानतात. मुलीही मनातून सुटल्यासारखं वाटून घेतात, कारण शर्यतीच्या दिवशीची कटकट मिटते. प्रत्यक्षात मेंदूने एक खातं बंद केलेलं असतं. पालखेड धरणात पाणी कमी असलं की काय करतात, हे तुम्हा निफाडकरांना मी सांगायला नको. पिण्याचं पाणी राखून ठेवतात आणि शेतीचं आवर्तन पुढे ढकलतात. शरीरही तसंच करतं. धावण्यासाठी लागणारी ऊर्जा स्नायू आधी ओढून घेतात. हृदय, मेंदू, श्वास यांना देणं टाळता येत नाही. मग कपात होते ती पाळी, हाडांची बांधणी, थायरॉइडचं काम, प्रतिकारशक्ती आणि पचन यांत.

याला वैद्यकात आता एक नाव आहे. १९९० च्या दशकात अमेरिकी क्रीडावैद्यकातल्या मंडळींनी कमी खाणं, बंद पाळी आणि ठिसूळ हाडं असं त्रिकूट मांडलं होतं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ते व्यापक केलं आणि ‘रिलेटिव्ह एनर्जी डेफिशिअन्सी इन स्पोर्ट’, म्हणजे रेड-एस, असं नाव दिलं. २०२३ मध्ये त्यावरचं निवेदन पुन्हा सुधारलं. कारण स्पष्ट होतं: प्रश्न फक्त पाळी आणि हाडांपुरता नाही, जवळपास सगळ्या शरीराचा आहे. तो मुलांनाही होतो, मुलींमध्ये पाळीमुळे लवकर कळतो एवढंच. त्या अर्थाने पाळी थांबणं हा मुलींना मिळणारा इशारा आहे, आणि तो गोळीने दाबून टाकला तर आपणच आपलं नुकसान करतो.

आता हिशेब. व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा केल्यावर बाकी शरीर चालवायला किती उरते, ते पाहायचं असतं. ही उरलेली ऊर्जा चरबी सोडून बाकीच्या वजनाच्या दर किलोमागे मोजतात. तरुण मुलींमध्ये ती दिवसाला ४५ किलोकॅलरीच्या आसपास असावी, ३० च्या खाली गेली की गडबड सुरू होण्याची शक्यता बरीच वाढते. ३० ही काही पक्की रेघ नाही. कुणाची पाळी त्याच्या वरही बिघडते, कुणाची खाली जाऊनही काही काळ टिकते. तरी अंदाजाला हा आकडा उपयोगी आहे.

तुमच्या मुलीचं गणित मांडू. चरबी १७ टक्के धरली तर बाकीचं वजन ३९ किलो. धावण्यात एका किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी जाते, म्हणजे रोजच्या सरासरी १२ किलोमीटरला ५६० च्या पुढे. जिम यात धरलेलीच नाही. तुम्ही लिहिलेला तिचा दिवस असा: पहाटे चहा आणि दोन बिस्किटं, धावून आल्यावर प्लेटभर पोहे, दुपारी डब्यातल्या तीन पोळ्या आणि भाजी, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री दोन भाकरी, आमटी, थोडा भात. हे ढोबळमानाने १,५०० किलोकॅलरी होतं. त्यातून धावण्याचे ५६० वजा केले तर उरतात ९४०. त्याला ३९ ने भागा: २४. आणि तो भातही आता बंद केलेला आहे.

सोमवारचा उपवास असतो असंही तुम्ही लिहिलंत. त्या दिवशी एकदा साबुदाण्याची खिचडी, एखादं फळ आणि चहा एवढंच असेल आणि पहाटे धावणं चालूच असेल, तर हाच आकडा दहाच्या खाली जातो.

एका दिवसाने काय बिघडतं, असं वाटेल. २००३ मध्ये ॲन लाउक्स या अमेरिकी संशोधिकेचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नियमित पाळी असलेल्या निरोगी तरुणींना फक्त पाच दिवस वेगवेगळ्या पातळ्यांवर कमी ऊर्जा दिली. ३० च्या खाली गेल्यावर पाळीचं चक्र चालवणाऱ्या एलएच या संप्रेरकाच्या लाटा विस्कळीत झाल्या. पाळी लगेच थांबत नाही, पण मेंदूपर्यंत टंचाईची खबर पोहोचायला पाच दिवस पुरतात. तुमच्या मुलीच्या बाबतीत हे महिनोन् महिने चाललं असावं.

ती ‘डाएट’ करत नाही, सगळं खाते, असं तुम्ही आवर्जून लिहिलंत, आणि माझा त्यावर विश्वास आहे. नाशिकमध्ये मी पाहते त्या बहुतेक मुली ठरवून उपाशी राहत नाहीत. त्यांचं वेळापत्रकच त्यांना उपाशी ठेवतं. पावणेपाचला उठायचं, मैदानावर जायचं, आठला परत, अंघोळ, बस, कॉलेज, डबा एकला. दुपारच्या डब्यापर्यंत निम्मा दिवस सरतो आणि पोटात गेलेले असतात बिस्किटं आणि पोहे. कडक सरावानंतर दीड-दोन तास भूकही मरते, त्यामुळे मुलीला वाटतं पोट भरलंय. त्यात आपलं घरचं जेवण चोथ्याने भरलेलं. भाकरी, पालेभाजी, कोशिंबीर सगळ्यांसाठी उत्तम, पण रोज १२ किलोमीटर धावणाऱ्या मुलीचं पोट त्याने आधी भरतं आणि ऊर्जेचा कोटा मागेच राहतो. म्हणून मी आहाराची वही मागते तेव्हा फक्त काय खाल्लं ते नाही, किती वाजता खाल्लं तेही लिहायला सांगते. दोन खाण्यांमधली मोठी पोकळी वहीवर लगेच दिसते.

वजन तर स्थिर आहे, मग तूट कसली, हा पुढचा प्रश्न मला नेहमी येतो. शरीर खर्च कमी करून वजन स्थिर ठेवतं. टी-थ्री हे थायरॉइडचं संप्रेरक घटतं आणि स्वस्थ बसल्यावर होणारा खर्चही उतरतो. तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात: ती आता दुपारीही स्वेटर घालून बसते. निफाडच्या थंडीत वाढलेल्या मुलीला नाशिकमध्ये ऐन दुपारी हुडहुडी भरते, ही माझ्या दृष्टीने त्या पत्रातली महत्त्वाची नोंद आहे. बद्धकोष्ठ, वारंवार सर्दी, झोप मोडणं, चिडचिड, केस गळणं हेही विचारा. एकेकटं यातलं काहीच खास नाही. दोन-तीन एकत्र आणि वर पाळी बंद, हे मात्र बोलकं आहे.

टायमिंग आधी सुधारलं आणि मग घसरलं, यामुळे कोच आणि पालक दोघेही फसतात. वजन उतरलं की पहिले काही महिने मुलगी खरंच हलकी आणि वेगवान धावते. सगळ्यांना वाटतं मार्ग बरोबर आहे. नंतर स्नायूंत साठवलेली साखर पुरेशी भरत नाही, सरावाने झालेली झीज भरून निघत नाही, पाय जड राहतात. मग कोचला वाटतं मेहनत कमी पडते, सराव वाढतो आणि तूटही वाढते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उच्च दर्जाच्या किशोरवयीन जलतरणपटू मुलींना बारा आठवडे पाहिलं होतं. सराव सगळ्यांचा सारखाच. ज्यांचं पाळीचं चक्र सुरळीत होतं त्यांचा ४०० मीटरचा वेग सुमारे ८ टक्क्यांनी वाढला. ज्यांच्या बीजांडकोशांचं काम दबलेलं होतं आणि ऊर्जा कमी पडत होती, त्यांचा जवळपास १० टक्क्यांनी घटला. गट लहान होता, पण मैदानावर मी जे बघते त्याच्याशी हे तंतोतंत जुळतं. तुमच्या कोचना हेच दाखवा. ‘मुलीचं आरोग्य’ म्हटलं की काही कोच मान हलवून पुढे जातात. ‘वेग का गेला’ म्हटलं की बसून ऐकतात.

आता नडगीबद्दल, कारण ते सगळ्यात तातडीचं आहे. मुलीला बसवा आणि दुखरी जागा एका बोटाने दाखवायला सांगा. आतल्या कडेने वितभर पट्टा दुखत असेल आणि वॉर्मअपनंतर कमी होत असेल, तर बहुधा शिन पेन, म्हणजे हाड न चिरता होणारी नडगीची दुखणी. बोटाच्या टोकाएवढी जागा दाबल्यावर कळ येत असेल, त्या पायावर उडी मारवत नसेल, रात्री झोपेत ठणकत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक चीर, आहे असं धरून आजपासून धावणं थांबवा. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे तो अनेकदा नॉर्मलच दिसतो, खरं चित्र एमआरआयमध्ये कळतं. आणि दुखणं कधी जांघेत असेल तर एक दिवसही थांबू नका. मांडीच्या हाडाच्या मानेजवळची चीर पूर्ण तुटली तर शस्त्रक्रियेपर्यंत जातं.

हाडांचा संबंध असा. इस्ट्रोजेन हे स्त्रियांचं संप्रेरक हाडांची झीज आवरून धरतं. पाळी बंद म्हणजे इस्ट्रोजेन कमी, झीज जास्त. शिवाय ऊर्जेच्या तुटीत नवं हाड बनणंही मंदावतं, म्हणजे दोन्हीकडून मार. आयुष्यभराच्या हाडांच्या पुंजीचा सुमारे ९० टक्के भाग विशीपर्यंत जमा होतो आणि तुमची मुलगी १९ ची आहे. म्हणून सहा महिने बंद पाळी ही मी ‘बघू पुढे’ म्हणून सोडत नाही. सलग तीन महिने पाळी आली नाही की धावपटू मुलीने दाखवायला यावं, एवढं तुम्ही तिच्या मैत्रिणींनाही सांगा.

तपासण्या कोणत्या? पाळी थांबलेल्या कुठल्याही स्त्रीची प्रेग्नन्सी टेस्ट आधी करतात. तो संशय नाही, वैद्यकीय शिस्त आहे, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. त्यानंतर प्रोलॅक्टिन, टीएसएच आणि टी-थ्री, एफएसएच, एलएच, इस्ट्राडायोल, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी, आणि हाडांच्या घनतेसाठी डेक्सा. दुसरं कारण निघालं तर उपचारही दुसरे, म्हणून मी आहारावर एवढं बोलत असले तरी या तपासण्या गाळू देणार नाही.

‘पीसीओडीसारखं’ या शब्दावर थोडं थांबते. ऊर्जेच्या तुटीने पाळी थांबलेल्या काही मुलींच्या बीजांडकोशातही सोनोग्राफीत बरीच लहान बीजपुटं दिसतात. फक्त त्या चित्रावरून पीसीओडी ठरत नाही. चेहऱ्यावर केस किंवा मुरुमं नाहीत, अँड्रोजेन हे पुरुषी संप्रेरक वाढलेलं नाही, एलएच खाली आहे, मुलगी सडपातळ आहे आणि रोज मैलोन् मैल धावते, तर आधी तुटीचा विचार करायला हवा. उपचार नेमके उलटे असल्यामुळे ही गल्लत महागात पडते. पीसीओडीत वजन जास्त असेल तर उतरवायला सांगतात. इथे त्याच सल्ल्याने दुखणं वाढतं. तुमच्या डॉक्टरांकडे पुन्हा जा, धावण्याचे किलोमीटर आणि ही आहाराची वही त्यांच्यासमोर ठेवा. ही माहिती बहुतेक वेळा त्यांच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते.

गोळ्यांनी येणारा रक्तस्राव ही तिची स्वतःची पाळी नव्हे. गोळी थांबवल्यावर तो होतो आणि घरच्यांना वाटतं सुरळीत झालं. मूळ तूट तशीच राहते, आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी अशा मुलींची हाडं वाचतात असं दिसलेलं नाही. खाणं सुधारून बऱ्याच महिन्यांनीही पाळी आली नाही आणि हाडं कमजोर असली, तर त्वचेवरच्या पॅचमधून इस्ट्रोजेन देण्याचा विचार करतात, पण तो निर्णय तज्ज्ञाने घ्यायचा. रक्तवाढीचं म्हणाल तर फेरिटिन कमी असल्यास लोह द्यायलाच हवं, मात्र आधी तपासून. लोहाने पोळ्यांची भरपाई होत नाही.

मग करायचं काय? तिला दिवसाला साधारण २,३०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे आजच्यापेक्षा सुमारे ८०० जास्त. हे एका दिवसात लादू नका, पोट बिघडेल. पहिल्या आठवड्यात ३००-४०० वाढवा, बाकीचं पुढच्या दोन-तीन आठवड्यांत. जेवणाचं ताट मोठं करण्यापेक्षा पोकळ्या भरा. पहाटे बिस्किटांऐवजी एक केळं आणि तीन खजूर. धावून आल्यावर पोहे होईपर्यंत थांबायचं नाही, मैदानावरून परतल्याबरोबर ग्लासभर म्हशीचं दूध, गूळ किंवा साखर घालून. अकराच्या सुमारास कॉलेजमध्ये मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा, हे पिशवीत सहज राहतं आणि दोनशेच्या पुढे जातं. रात्रीच्या भाकरीवर चमचाभर तूप आणि भात परत ताटात. एवढ्याने साधारण ७५० होतात. अंडी चालत असतील तर संध्याकाळी दोन उकडलेली अंडी, नाहीतर वाटीभर दही-केळं. यात महागडी पावडर कुठेही नाही, आणि मी मुद्दाम सांगितलेली नाही.

खोलीत स्वयंपाक कोण करतं, मेसचा डबा किती वाजता येतो, हे मला माहीत नाही आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. मेस असेल तर एक डबा जास्तीचा लावून तो दोन वेळांत वाटून खाणं पुष्कळ मुलींना जमतं. उपवासाच्या बाबतीत मी श्रद्धेत पडत नाही. पण सोमवार सुट्टीचा दिवस करता येतो का ते बघा, आणि उपवासाचे राजगिरा, दूध, शेंगदाणे, रताळी, केळी पोटभर होऊ देत. उपवास म्हणजे कमी खाणं असं कुठे ठरलंय?

सराव निम्म्यावर आणा, वेगाचे सेशन तूर्त बंद. नडगीचा एमआरआय स्वच्छ आला तरच हळूहळू वाढवा. तोवर सायकल किंवा पोहणं चालेल, पण त्याचाही खर्च खाण्यात धरा.

वजन एक-दोन किलो वाढेल, कदाचित तीन. मुलगी घाबरेल, कोच नाराज होतील. इथे तुम्ही ठाम राहा. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं ब्राँझ जिंकलं तेव्हा त्या पंचविशीत होत्या, आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला मॅरेथॉन धावल्या तेव्हा तिशी ओलांडलेली होती. लांब पल्ल्याच्या धावपटूची खरी वर्षं विशीच्या मध्यानंतर येतात. १९ व्या वर्षी एका हंगामासाठी हाडं पणाला लावण्याची काहीच गरज नाही.

आणखी एक, जरा नाजूक. जेवताना ती टाळाटाळ करते का, दिवसातून अनेकदा वजन करते का, खाल्ल्यावर अपराधी वाटून जास्त धावते का, हे आईला शांतपणे पाहू द्या. तसं असेल तर वेळापत्रक बदलून भागणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांची मदत लागेल आणि ती लवकर घ्यावी. ओरडून, ताटावर पहारा ठेवून हे वाढतं. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड किंवा भराभर वजन उतरणं असेल तर थेट रुग्णालय गाठा.

सुधारणा क्रमाने येते. उत्साह, झोप आणि थंडी वाजणं यांत काही आठवड्यांत फरक जाणवतो. पाळीला काही महिने लागतात, कधी वर्षही. हाडांना त्याहून जास्त, आणि तिथे सगळंच भरून येईल अशी खात्री देता येत नाही, म्हणून घाई करायची ती आत्ता, खाणं वाढवण्याची. पाळी आली की तारीख वहीत लिहायला सांगा. पहिल्या दोन-तीन अनियमित असतील, एखादी चुकेलही, तेवढ्यावरून पुन्हा गोळ्या सुरू करू नका. दोन पाळ्यांमधलं अंतर ३५ दिवसांच्या आत स्थिरावलं आणि नडगी दुखायची थांबली, की मग कोचबरोबर बसून पुढच्या शर्यतीची तारीख ठरवा.